नारायणगड ते पंढरपूर : मधुमेही पायांची सावकाश वाट

मधुमेह असलेल्या माणसाने पायी वारी करावी का, हा प्रश्न ज्येष्ठ महिना लागला की या सदराकडे हमखास येतो. चिठ्ठीने येतो, फोनवर येतो, मंडईत भाजी घेताना येतो. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा 'हो' किंवा 'नाही' एवढेच ऐकायचे असते. माझे उत्तर तेवढ्यात मावत नाही, म्हणून आज सविस्तर लिहीत आहे. लिहिण्याचा अधिकार एवढाच, की २०२४ सालचा अख्खा फेब्रुवारी महिना मी एका मधुमेही वारकऱ्याच्या पायाकडे पाहत चाललो. १ तारखेला नारायणगडावरून निघालो आणि २९ तारखेला पंढरपुरात पोचलो. लीप वर्ष होते म्हणून एक दिवस जास्तीचा मिळाला, आणि तोही लागला.

नारायणगड आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. नगद नारायण महाराजांचे हे स्थान 'धाकटी पंढरी' म्हणून ओळखले जाते. ज्यांना पंढरपूर गाठणे होत नाही ते आषाढी एकादशीला गडावर येऊन दर्शन घेतात. गडाची पालखीही दरवर्षी आषाढीला पायी पंढरपूरला जाते. पालखीचा मार्ग ठरलेला, मुक्काम ठरलेले. आम्ही मात्र पालखीबरोबर गेलो नाही. माघ वारीच्या बेताने, आमच्या सोयीच्या वाटेने गेलो : बीड, मांजरसुंबा, चौसाळा, येरमाळा, बार्शी, कुर्डुवाडी, मोडनिंब आणि पंढरपूर. अंतर दोनशे किलोमीटरच्या वर भरते. रोजची चाल सरासरी दहा किलोमीटर.

दहा किलोमीटर ऐकून पुष्कळांना हसू येते. आळंदीहून निघालेली माउलींची पालखी पुणे ते सासवड हा दिवे घाटाचा टप्पा एका दिवसात पार करते, तो तीस किलोमीटरच्या घरात जातो. इंग्लंडमध्ये 'रिजवे' नावाची फार पुरातन पायवाट आहे, लांबी सुमारे १३९ किलोमीटर. १९७३ साली तिला राष्ट्रीय पायवाटेचा दर्जा मिळाला. ती चालणारी हौशी मंडळीही साधारण सहा दिवसांत ती संपवतात. म्हणजे आमच्या दुप्पट वेग. पण आमच्यातला एक पाय असा होता की त्याला वेग परवडणारा नव्हता.

तो पाय आबांचा. आबा आमच्या शेजारच्या गावचे शेतकरी, वय ६६, मधुमेह चौदा वर्षांचा. २०१९ साली त्यांच्या उजव्या पायाचे एक बोट काढावे लागले. कारण काय, तर बाभळीचा काटा. शेतात काटा चपलेतून आरपार गेला आणि तो चार दिवस त्यांना कळलाच नाही. पायमोजा ओला लागतो म्हणून पाहिले तेव्हा आत पू झाला होता. त्याआधी त्यांच्या अकरा पायी वाऱ्या झाल्या होत्या, त्यानंतर एकही नाही. दरवर्षी ते मला विचारत आणि मी थांबा म्हणत असे. पाचव्या वर्षी त्यांनी विचारले नाही, नुसते सांगितले, "औंदा जातो. तुम्ही आलात तर बरं, नाही आलात तरी जातो." मग मी अटी घातल्या आणि बरोबर निघालो. सोबत त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळे माई म्हणतात, आणि एस.टी.तून वाहक म्हणून निवृत्त झालेले माझे एक स्नेही.

न दुखणारा पाय

मधुमेहात पायाचे नेमके काय होते ते आधी समजून घेतले पाहिजे. रक्तातली साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की पायाच्या टोकाकडच्या नसा हळूहळू निकामी होतात. सुरुवातीला मुंग्या येतात, तळपायाची आग होते, गादीवर चालल्यासारखे वाटते. या वेळी माणूस डॉक्टरकडे येतो. पुढे आग थांबते आणि माणसाला वाटते, बरे झाले. प्रत्यक्षात नस मेलेली असते. अशा पायाला खडा टोचत नाही, चप्पल चावत नाही, फोड दुखत नाही. आपण सगळे नकळत लंगडतो, पाय बदलतो, खडा काढायला थांबतो. हे सर्व वेदना करून घेते. वेदना गेली की माणूस फुटलेल्या फोडावर तेच पाऊल तेवढ्याच जोराने हजारो वेळा टाकतो.

ही गोष्ट जगाला नीट समजावून दिली ती भारतातच, आणि मधुमेहींवर नव्हे तर कुष्ठरोग्यांवर काम करताना. डॉ. पॉल ब्रँड हे शल्यचिकित्सक १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोग्याची बोटे रोगाने आपोआप झडतात असा तेव्हा सार्वत्रिक समज होता. ब्रँड यांनी दाखवले की बोटे जातात ती बधिरपणामुळे न कळलेल्या जखमांनी. मऊ रबराची चप्पल, रोजची पाहणी आणि जखम झाल्यास पायाला पूर्ण विश्रांती, एवढ्याने पाय वाचतात. पुढे अमेरिकेत त्यांचे हेच ज्ञान मधुमेहींच्या पायांसाठी उपयोगी पडले. आपल्याकडे जी एम.सी.आर. रबराची चप्पल मिळते ती मूळची कुष्ठरुग्णांसाठी वापरात आलेली. ती घ्यायला लोक आजही लाजतात. आबाही लाजत होते. मागे पट्टा असलेली चप्पल म्हणजे बायकांची, असे त्यांचे म्हणणे. पण अंगठ्याच्या चपलेत बधिर पाय चप्पल धरून ठेवायला बोटे आवळतो, आणि चप्पल निसटून पडली तरी कळत नाही. पट्टा हवाच.

आता सावकाश चालण्याविषयी. पाऊल लांब आणि चाल जलद असली की टाच जोरात आपटते आणि उचलताना अंगठ्याच्या बुडाशी मोठा दाब पडतो. बधिर पायाला जखम होते ती बहुधा तिथेच. पाऊल आखूड आणि चाल मंद ठेवली की हा दाब कमी होतो. आमच्या वाहकस्नेह्यांनी ही जबाबदारी आपणहून घेतली. ते पुढे चालत, मनगटावर घड्याळ. चाळीस मिनिटे चाल, दहा मिनिटे थांबा. थांबायचे म्हणजे सावलीत बसून दोन्ही पायांतले पायताण काढायचे, उलटे करून झटकायचे, आतून बोट फिरवायचे आणि मग तोंडाने 'टिंग टिंग' डबल बेल. पहिले दोन दिवस आबांना हे पोरकट वाटले. तिसऱ्या दिवशी बीड सोडल्यावर पालीच्या अलीकडे त्यांच्या चपलेतून बोराच्या आकाराचा खडा निघाला. किती वेळ आत होता, देव जाणे. त्यानंतर त्यांनी तक्रार केली नाही.

याच स्नेह्यांना मी वाटेत लंडनच्या वाहकांची गोष्ट सांगितली. डॉ. जेरी मॉरिस यांनी तिथल्या दुमजली बसगाड्यांचे चालक आणि वाहक यांची तुलना करून १९५३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होता. व्यायाम आणि हृदय यांचा संबंध आकड्यांनी मांडणारा हा आरंभीचा अभ्यास मानला जातो. स्नेह्यांना फार आनंद झाला. "मग माझी पेन्शन वाढवा म्हणावं," म्हणाले. त्यांच्या मोबाइलमध्ये पावले मोजण्याची सोय होती आणि संध्याकाळी ते दहा हजारांचा हिशेब लावीत. हा दहा हजारांचा आकडा कोठल्या वैद्यकशास्त्राने दिलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये एका कंपनीने पावले मोजण्याचे यंत्र विकायला काढले, त्याच्या नावातच दहा हजार पावले होती. तिथून तो जगभर पसरला. त्याहून कमी पावलांनीही प्रकृतीला फायदा होतो. बधिर पायाच्या माणसाने तर मोबाइलच्या आकड्यासाठी एकही पाऊल जास्तीचे टाकू नये.

घाट आणि रस्ता

मांजरसुंब्याचा घाट म्हणजे बालाघाटाची चढण. चढताना कसोटी हृदयाची, उतरताना गुडघ्यांची. चढताना मी सोपी परीक्षा लावली होती : शेजाऱ्याशी सलग दोन वाक्ये बोलता आली पाहिजेत. बोलता बोलता धाप लागली तर थांबायचे. अभंग म्हणत चालण्याची आपली जुनी पद्धत हीच परीक्षा रोज घेते, कारण दमलेला माणूस गाऊ शकत नाही.

चढावर छातीत दडपण येते आणि उभे राहिल्यावर पाच मिनिटांत जाते, अशी तक्रार असेल तर तो गॅस नव्हे. जबडा, डावा हात, पोटाचा वरचा भाग यांतली कळही त्यातच धरावी. मधुमेहींना तर अशी कळ न येता नुसती धाप आणि घाम येऊ शकतो. अशांनी घाटाच्या पायथ्यालाच वाहनात बसावे आणि थेट दवाखाना गाठावा. दुसरी एक तक्रार विडी-तंबाखूवाल्यांची : ठराविक अंतर चालले की पोटरीत गोळा येतो, थांबले की जातो, पुन्हा तेवढेच चालले की पुन्हा येतो. ही पायाच्या रोहिण्या अरुंद झाल्याची खूण. मालिश करून ती जाणार नाही. आधी विडी सोडायची, आणि तपासणी झाल्याशिवाय वारीला निघायचे नाही.

घाट आम्ही उजाडताच चढलो, कारण रहदारी. मोठ्या रस्त्यावर पायी माणसाने उजव्या बाजूने, समोरून येणारे वाहन दिसेल असे चालावे. फेब्रुवारी म्हणजे गळिताचा हंगाम. उसाच्या ट्रॉल्या रात्री दिव्यांविना जातात आणि त्यांना ओलांडणारी वाहने कडेच्या माणसाला पाहत नाहीत. आम्ही पिशव्यांना चमकणाऱ्या पट्ट्या लावल्या होत्या आणि अंधारात एक पाऊलही टाकले नाही. जिथे जमेल तिथे शिवेच्या रस्त्याने, पाणंदीने गेलो. मातीवर पायाला डांबरापेक्षा सुख लागते आणि मन निवांत राहते. पण पुष्कळ पाणंदी नांगरल्या गेल्या आहेत. नकाशावर तुटक रेघ आहे, जागेवर हरभरा. अशी वहिवाट अडवली तर तहसीलदाराकडे दाद मागता येते, त्यासाठी मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ पासून आहे. हा विषय महसुलाचा असला तरी मी तो आरोग्याचाही मानतो. म्हाताऱ्या माणसाला रोज फिरायला महामार्गाची कड हीच जागा उरली असेल तर डॉक्टरांनी 'चाला' असे लिहून देण्यात काय अर्थ?

चौसाळ्यापर्यंतची गावे अर्धी रिकामी भेटली. तरणी माणसे तोडीला गेलेली. ओट्यावर आजोबा, आजी आणि नातवंडे. प्रत्येक मुक्कामी माझ्यासमोर गोळ्यांच्या पाकिटांचा ढीग पडे. त्यात एक गोष्ट वारंवार दिसली : मधुमेहाची गोळी चालू, पण गेल्या वर्षभरात कोणीही पायमोजा काढायला लावून पाय पाहिलेला नाही. वाचकांनी पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना स्वतःच चप्पल काढून पाय पुढे करावा. डॉक्टर रागावणार नाहीत.

येरमाळ्याचे पाच दिवस

मांजरा ओलांडून आम्ही धाराशिव जिल्ह्यात शिरलो आणि १० तारखेच्या संध्याकाळी येरमाळ्याला टेकलो. रोज संध्याकाळी हातपाय धुतल्यावर आबांच्या पायांची पाहणी ठरलेली. पाणी कोमट, तेही माईंनी कोपर बुडवून पाहिलेले. बधिर पायाला पाण्याचा चटका कळत नाही आणि थकवा जावा म्हणून कढत पाण्यात पाय सोडून बसलेल्या मधुमेहींचे भाजलेले पाय मी पुष्कळ पाहिले आहेत. पाय पुसायचे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, तळव्याला खोबरेल लावायचे पण बेचक्यांत नाही, मग माईंच्या आरशात तळवा पाहायचा. शेवटी हाताची मागची बाजू दोन्ही तळव्यांवर फिरवायची.

त्या संध्याकाळी उजव्या अंगठ्याच्या बुडाखाली, रुपयाएवढ्या जागेत, कातडी लाल होती आणि डाव्या पायाच्या त्याच जागेपेक्षा हाताला गरम लागत होती. फोड नाही, जखम नाही, वेदना तर नाहीच. बोट गेल्यामुळे त्या पायाचा भार तिथे सरकलेला. मी सांगितले, उद्या चालायचे नाही. ही लाली जाईपर्यंत चालायचे नाही.

आबांनी हिशेब केला. माघी एकादशी २० तारखेला. एक दिवस थांबलो तरी पुढे रोज पंधरा-सोळा चालून ती गाठता आली असती. चार-पाच दिवस थांबलो तर नाही. ते म्हणाले, "दुखत नाही डॉक्टर. कायच दुखत नाही." मी म्हणालो, २०१९ सालीही दुखत नव्हते. मग ते चिडले. "एकादशी हुकली तर चालून उपयोग काय?" माई चुलीपाशी होत्या. तिथूनच म्हणाल्या, "पाय हुकल्यावर कंची एकादशी?" त्यानंतर दीड दिवस आबा माझ्याशी बोलले नाहीत. मीही बोललो नाही. मुक्काम एका ओळखीच्या घरी होता, घरच्यांची मात्र पंचाईत झाली.

वाहनाने पुढे जावे, हा मार्ग होताच. मी तो सुचवला, माईंनीही. आबांनी नकार दिला. तेव्हा राहिला एकच उपाय, सगळ्यांनी थांबणे. पाच दिवस आबा खाटेवरून संडासापुरते उठले, तेही काठीच्या आधाराने. मी चपलेचा तळ सोडवून लाल जागेखालच्या रबरात खोलगट जागा करून घेतली. गावातल्या चर्मकार कारागिराला ते समजावून सांगायला दोन मिनिटे लागली. इतके नेमके काम मी जिल्ह्याच्या ठिकाणीही क्वचित पाहिले आहे. चौथ्या दिवशी दोन्ही तळवे हाताला सारखे लागू लागले. पाचवा दिवस खात्रीसाठी. सहाव्या दिवशी सकाळी फक्त पाच किलोमीटर.

त्या पाच दिवसांत आणखी एक विषय निघाला. माई दिवसभर पाणी जवळजवळ पीत नाहीत, हे माझ्या लक्षात आले होते. विचारल्यावर म्हणाल्या, "तुम्ही डॉक्टर म्हणून सांगते, मोठ्या रस्त्याला आडोसा कुठंय?" पुरुष कोठेही उभा राहतो, बाई मात्र तहान मारते. परिणाम : लघवीची जळजळ, ताप, डोकेदुखी, आणि उन्हाळ्यात याहून गंभीर. तेव्हापासून आम्ही थांबे बदलले. शाळा, पेट्रोल पंप, देऊळ असे ठिकाण पाहूनच थांबायचे, आणि थांबल्यावर माईंनी आधी जाऊन यायचे, मग तांब्याभर पाणी प्यायचे. माईंची पिशवी ऐन तिशीत काढलेली. आपल्या जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या महिलांच्या या शस्त्रक्रियांची २०१९ साली राज्यभर चर्चा झाली, शासनाने चौकशी समितीही नेमली. पिशवीबरोबर अंडाशयेही गेली असतील तर हाडे लवकर ठिसूळ होतात. अशा स्त्रियांनी कंबर किंवा पाठ दुखते म्हणून नुसत्या वेदनाशामक गोळ्या खात राहू नये. दूध, नाचणी, तीळ आहारात ठेवावेत, कोवळे ऊन घ्यावे आणि हाडांची तपासणी मागावी. सावकाश चालणे त्यांनाही मानवते, ओझे मात्र नाही. माईंची पिशवी आम्ही दोघांनी वाटून घेतली.

एकादशी बार्शीत

२० तारीख बार्शीत उजाडली. तिथे भगवंताचे मंदिर आहे, एकादशीला दर्शनाची गर्दी असते. आबा रांगेत उभे राहिले, मी शेजारी. ते काही बोलले नाहीत. उपवासाचे मात्र आधीच ठरले होते. मधुमेहाची काही औषधे, विशेषतः ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन, पोट रिकामे असले तरी साखर खाली ओढतात. त्यात चालणे आले की साखर एकदम घसरते. घाम, थरथर, धडधड, डोळ्यांपुढे अंधार, बोलण्यात गोंधळ ही तिची लक्षणे. मंदिराबाहेर असेच एक अनोळखी गृहस्थ भिंतीला टेकून बसले होते, अंगाला दरदरून घाम. शुद्ध होती, गिळता येत होते, म्हणून मी तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. दहा-पंधरा मिनिटांत ते नाव-गाव सांगू लागले, मग त्यांना खायला घातले. सकाळी गोळी घेतली होती आणि वर निर्जळी. अशा वेळी बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काही घालू नये, त्याला कुशीवर करून दवाखान्यात न्यावे. आबांच्या गोळ्या निघण्यापूर्वीच चालण्याच्या हिशेबाने कमी केल्या होत्या आणि एकादशीला त्यांनी फळे, दूध, भगर थोडी थोडी चार वेळा घेतली. गोळ्यांतला बदल वाचकांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच करावा. खिशात साखर आणि नाव, आजार, औषधे व घरचा फोन लिहिलेली चिठ्ठी कायम असावी.

बार्शीच्या पुढे उसाचा पट्टा सुरू झाला. कुर्डुवाडीच्या अलीकडे एका फडाच्या कडेला कोप्या दिसल्या आणि माईंनी लुगड्यावरून ओळखले, "आपलीच माणसं." खरोखरच गडाच्या परिसरातली टोळी निघाली. एक तरुण बाई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढत होती. पायांत चप्पल नव्हती, फळीवर घसरते म्हणून. टाचांच्या भेगा इतक्या खोल की त्यांत माती भरून काळी झालेली. उसाच्या खोडक्या पायात घुसतात, जखमेत माती जाते, आणि धनुर्वाताचे शेवटचे इंजेक्शन कधी घेतले ते कोणालाच आठवत नव्हते. मी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा पत्ता दिला. मुकादमाने ऐकून घेतले. माणसे गेली की नाही, ते मला पुढे कळले नाही. आमचे सावकाश चालणे हे सवड असलेल्यांचे चालणे, हे मला तिथे फार जाणवले.

२९ तारखेला दुपारी भीमा ओलांडली. पौर्णिमा होऊन पाच दिवस झाले होते, यात्रा पांगली होती. दर्शन तुलनेने लवकर झाले. बाहेर आल्यावर आबा पायरीवर बसले, त्यांनी आपणहून चप्पल काढली आणि उजवा तळवा आरशात पाहिला. लाली नव्हती.

आता ज्यांना आषाढीला जायचे आहे त्यांच्यासाठी थोडे. तळव्याला जखम असेल, पूर्वीची जखम भरून तीन महिने झाले नसतील, पाय सुजून गरम असेल किंवा छातीचे दुखणे अलीकडचे असेल तर या वर्षी पायी जाऊ नये. बाकीच्यांनी आजपासून सराव करावा. आबांनी तीन महिने दर एकादशीला घर ते गड अशी फेरी केली होती, आणि मधल्या दिवसांत रोज अर्धा तास. गडाचा चढ बोलत बोलत चढता येत नसेल तर पंढरपूरचा विचार पुढे ढकलावा. नवे पायताण वारीत कधीही घालू नये, दोन महिने वापरलेलेच घ्यावे. सुती मोजे रोज दोनदा बदलावेत. आषाढात पाऊस असतो, ओल्या बेचक्यांत चिखल्या होतात आणि मधुमेहींच्या पायात जंतू शिरायला तेवढी वाट पुरते. फोड आला तर मधुमेहींनी तो सुईने फोडू नये, स्वच्छ कोरडी पट्टी बांधून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा. कुरूप किंवा घट्टे ब्लेडने कापू नयेत, त्यावर औषधी पट्टीही लावू नये. अनवाणी वारीचा नवस असेल तर तो देवाला सांगून बदलून घ्यावा.

जुलाब झाले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यावर असंख्य कॉलरा रुग्ण वाचवले, ते याच तत्त्वावर. मधुमेहींनीही जुलाबात हे पाणी प्यावे, साखरेला घाबरू नये. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असणाऱ्यांनी जुलाबाच्या दिवशी ती घ्यावी की नाही, हे निघण्यापूर्वीच विचारून ठेवावे.

इन्सुलिन घेणाऱ्यांचा एक प्रश्न नेहमी असतो, ते वाटेत ठेवायचे कसे. लहान मडके, त्याभोवती ओले फडके, आत कोरड्या डब्यात कुपी. मडके सावलीत, वारा लागेल असे ठेवावे. बर्फात कुपी ठेवू नये, गोठलेले इन्सुलिन फेकून द्यावे. आणि सुई मांडीऐवजी पोटाला घ्यावी, कारण चालत्या मांडीतून औषध लवकर भिनते.